अकोला वर, अमरावती खाली

भावनाच्या वकिलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना प्रश्न निघाला की मोबाईल नंबर कोणाचा द्यायचा. प्रश्न एवढासाच. पण माणसाची वाट लागायला मोठा प्रश्न लागतोच असे नाही.

खरे तर तिने स्वतःचाच द्यायचा. पण पोरीने वर्षात तीन सिम बदलली होती (कंपन्या फुकट देतात, पोरं फुकट घेतात, दोघांनाही दुसरे काम नाही). तिचा बाप किशोर पाटबंधारे खात्यात. त्याचा फोन मीटिंगमध्ये बंद असतो आणि मीटिंग नसते तेव्हा तो स्वतः बंद असतो. आई रागिणीचा फोन रोज नव्या ठिकाणी सापडतो. परवा कणकेच्या डब्यात सापडला. राहिले आजोबा, किसनराव. पंधरा वर्षे एकच नंबर, आणि माणूस चोवीस तास घरी.

"आबाजीचाच टाक," किशोर म्हणाला. आणि टाकला.

किसनराव चौथी पास, तेही मास्तर कंटाळले म्हणून. पण पस्तीस वर्षे त्यांनी वरूड आणि शेंदूरजनाघाटकडचे संत्र्याच्या बगीच्यांतला माल झाडावरच घेतला, विकला आणि त्याच्यावर अमरावतीत दुमजली घर बांधले. त्यांची रीत ठरलेली होती. जो बगीचा पाहिजे, त्याच्याकडे ढुंकून पाहायचे नाही. शेजारच्या बगीच्यात शिरायचे, झाडे थोपटायची, "वा वा" करायची, चहा प्यायचा. मग ज्याचा माल खरा हवा असे, तो मालक धुऱ्यावर, म्हणजे आपल्या बांधावर, उभा राहून जळायचा आणि शेवटी स्वतःच यायचा, "काहो किसनराव, आमच्याकडं पाह्यतच नाई तुमी!" मग किसनराव उपकार केल्यासारखे तोंड करून तोच बगीचा घ्यायचे, आणि तोही स्वस्तात.

आता असा माणूस घरात बसवला आणि त्याच्या हातात ओटीपी दिला, तर काय होणार? जे व्हायचे तेच झाले.

पोरगी हुशार. बारावी झाली, सीईटी दिली, मार्कही चांगले पडले. अमरावती किंवा अकोला, दोन्हीपैकी एका कॉलेजात तिचा नंबर लागणार हे नक्की होते. आणि किसनरावांचा जीव त्या 'किंवा'त अडकला होता. घरात बाकीचे सगळे त्यांना "हो" म्हणायचे आणि पाठ फिरवून आपल्या मनाचे करायचे. तोंडावर "नाई, तुमचं चुकते" म्हणणारी ही एकच होती. ती गेली तर भांडायचे कोणाशी? बायकोशी? पंचफुलाबाईंनी तर तीस वर्षांपूर्वीच उत्तर देणे सोडले होते.

शिवाय अकोल्यात रागिणीचे वडील राहत होते. भगवंतराव. या व्याह्याने वीस वर्षांपूर्वी, ऐन लग्नाच्या पंगतीत, किसनरावांनी स्वतः निवडून आणलेल्या दहा पेट्यांमधले एक संत्रे सोलून, दोनशे माणसांसमोर तोंड वाकडे केले होते. "आंबट हाये," म्हणाले होते. तेव्हापासून दोघांचे बोलणे दिवाळीच्या फोनपुरते. आता पोरगी अकोल्यात लागली तर राहणार कोणाकडे? त्यांच्याकडेच. पाच वर्षे!

कॉलेजांची पसंती भरायच्या शेवटच्या दिवशी भावनाने लॅपटॉप उघडला. पाच वाजता मुदत संपत होती आणि साडेचार वाजले होते. फोन टुणकन वाजला.

"आबाजी, ओटीपी आला. सांगा बरं."

"कोनालेच सांगाचा नाई असं लिवलं हाये इथं."

"मी कोन हाये?"

"बँकेचे चोर बी असंच विचारतेत." किसनरावांनी चष्मा चढवला आणि पडद्यावर वाकले. "आधी दाखव, काय भरून राह्यली."

"पहिल्या नंबरले अमरावती. दुसऱ्याले अकोला. मंग यवतमाळ, नागपूर."

किसनराव खुर्चीत ताठ झाले. "अवो, इकडं या!" त्यांनी पंचफुलाबाईंना हाक मारली. "पाहा आपल्या वकीलीनबाई! जे पाहिजे तेच सरकारच्या तोंडावर सांगून राह्यल्या!"

"पसंती हाये ते आबाजी. पसंतीच सांगाची असते."

"येडी हायेस तू. तुले अमरावती पाहिजे हे एकदा त्याईले समजलं की देतीन काय? अकोला वर टाक. वरून अकोला, अकोला करत राहाचं. मंग सरकारच चिडून म्हनीन, चाल, अमरावतीले बस."

"सरकार नाई देत. कॉम्प्युटर देते. त्याले चिडता येत नाई."

"अन कॉम्प्युटर कोन चालवते? मानूसच ना?"

"तुमचं चुकते, आबाजी!"

"मंग ओटीपी नाई भेटत."

भावनाने बापाला फोन लावला. मीटिंग. रागिणीला हाक मारली, ती दारात येऊन उभी राहिली, एकदा पडद्याकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "मामाजी म्हणतात तर कर ना बाई तसं." (माहेर अकोल्यात असलेल्या सुनेने इतक्या पटकन हो का म्हटले, हे किसनरावांना तेव्हा कळले नाही. लिहिणाऱ्याला मात्र लगेच कळले.) घड्याळात पावणेपाच झाले. ओटीपी एकदा मेला, दुसरा आला. किसनरावांनी फोन बंडीच्या खिशात घातला आणि वर हात ठेवला.

भावनाने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे. मग अकोला वर, अमरावती खाली.

"आता सांगा."

"चार, आठ, शून्य..." किसनरावांनी एकेक आकडा खजिना वाटत असल्यासारखा सांगितला.

आठ दिवसांनी यादी लागली. भावना वाचत होती, सगळे भोवती उभे होते.

"अकोला," ती म्हणाली.

"हं. चिडलं नाई अजून," किसनराव म्हणाले. "दुसऱ्या फेरीत देतीन अमरावती."

"दुसरी फेरी आपल्याले नाई, आबाजी. पहिल्या पसंतीचं भेटलं की तेच घ्यावं लागते. नाई घेतलं तं घरी बसा."

किसनरावांना 'चुकलो' म्हणायची सोय नव्हती. सत्तर वर्षांत कधी म्हटले नव्हते, सवय कुठून असणार? तोपर्यंत रागिणीने अकोल्याला फोन लावलाही होता. "बाबा, भावना अकोल्यात लागली! अहो, मामाजींनी स्वतः अकोला पहिल्या नंबरवर टाकायला लावलं! हट्टच धरला!"

प्रवेश घ्यायला किसनराव स्वतः नातीबरोबर अकोल्याला गेले. बडनेरा गेले, मूर्तिजापूर गेले, अकोला आले. कॉलेजात कागद दिले, फी भरली, मग व्याह्यांच्या घरी. फाटकात रांगोळी. आत कॉलनीतली वीसेक माणसे सतरंजीवर बसलेली. किसनरावांना वाटले कोणी गेले की काय. तोच भगवंतराव शाल आणि नारळ घेऊन पुढे आले.

"इवाई! वीस वर्ष मी तुमाले चुकीचं समजलो. आपली नात कोनी दुसऱ्याच्या घरी ठेवते काय? पन तुमी! पहिल्या नंबरवर अकोला! मन मोठं पाहिजे त्याले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किसनरावांच्या डोळ्यांत पाणी आले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "पाह्य माय, किती प्रेमळ बुढा हाये."

"दोन शब्द बोला," कोणीतरी म्हणाले.

"काय बोलू?" किसनराव म्हणाले. "झालं ते झालं."

यालाही टाळ्या पडल्या. भावना भिंतीकडे तोंड करून खोकत होती, म्हणजे तसे दाखवत होती.

जेवायला बसल्यावर भगवंतरावांनी वरणावर तुपाची धार सोडली आणि म्हणाले, "आता खरी गोठ सांगतो. आमचा पोरगा ललित, बँकेतला. त्याची बदली झाली."

"कुठं?"

"अमरावतीले! आमी बुढाबुढी इथं एकटे काय करू? आमी बी चाललो त्याच्यासंग. घर बी पाह्यलं ललितनं. तुमच्या फाटकासमोरचं ते पिवळं घर रिकामं झालं ना? तेच."

किसनरावांचा घास हातातच राहिला. "अन... भावना?"

"मुलीइचं होस्टेल हाये ना! कॉलेजच्या मांगंच. कालच नाव टाकून आलो. इथं तिले एकटीले कायले ठेवाचं?"

किसनरावांनी नातीकडे पाहिले. तिला कालपासून माहीत होते, हे तोंडावर लिहिलेले होते. एका घासात दोन आजोबांपासून मोकळी झालेली पोरगी असते तशी ती पानावर बसली होती, आणि अकोल्याच्या आजीला म्हणत होती, "अजून एक पोळी वाढ ना."

संध्याकाळच्या बसने किसनराव परत निघाले. येताना खिडकीशी नात होती. आता तिथे भगवंतराव बसले होते. घराचे पक्के करायला तेही निघाले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली, डाव्या गुडघ्याची. उजवा बडनेऱ्यापर्यंत पुरणार होता. मध्येच थांबून त्यांनी विचारले, "इवाई, तुमी सकाळी किती वाजता उठता?"

जन्मभर पहाटे पाचला उठणारे किसनराव घाईघाईने म्हणाले, "नऊले. कधी कधी दहा."

"मंग काई हरकत नाई," भगवंतराव म्हणाले. "मी पाचले येऊन बसत जाईन तुमच्या अंगनात. तुमी उठेपर्यंत विहीनबाई चहा देतीनच."