गोणी झोके घेत नाही

मिस्त्रीला बोलवायचे नाही, असे मी ठरवले. निर्णय एवढाच.

हिला झोपाळा हवा होता. सून म्हणाली, "बाबा, छतात कड्या बसवायला मिस्त्री बोलावते." मी नको म्हणालो. जन्मभर गोदामाच्या काट्यावर मी वजने केली. वजन म्हणजे काय, हे मला मिस्त्री शिकवणार? कड्या मीच ठोकल्या. (थोडा गिलावा पडला. गिलावा पडतोच.)

झोपाळा टांगून त्यावर वाळूच्या गोण्या रचल्या. सकाळपासून जेवणापर्यंत काही झाले नाही. गोण्या उतरवल्या.

"बस आता," मी हिला म्हणालो.

"आधी सूनबाईला विचारते."

नवरा समोर उभा असताना!

सून इंजिनिअर आहे. तिने कड्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बाबा, गोण्यांचा तो स्टॅटिक लोड. झोपाळ्यावर डायनॅमिक लोड येतो."

"मराठीत बोल."

"गोणी गप्प बसते. झोके घेत नाही. माणूस झोका घेतो, तेव्हा कडीला जास्त ओढ बसते."

"म्हणजे झोका घेतला की माणूस जाड होतो?"

"नाही. पण कडीला तसं वाटतं."

"कडीला काय वाटतं ते मला सांगू नकोस. काटा डुलत असताना मी कधी वजन वाचलं नाही. थांबला की वाचायचं."

"तेच म्हणतेय. तुम्ही जन्मभर थांबलेलंच वजन पाहिलंत."

हे मला झोंबले. म्हणालो, "झोपाळा पडला, तर या घरात पुन्हा हातोडीला हात लावणार नाही."

"अहो, शब्द देताय?" हिचा चेहरा असा उजळला की मला संशय आला. (मागे मी नळ दुरुस्त केला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे भिजले होते. पण तो दोष नळाचा.)

मी झोपाळ्यावर बसलो. कड्या जागच्या जागी.

"बघ!"

"बसणंही स्टॅटिकच, बाबा. उतरा आता."

"उतरायला मी चढलो नाही. झोका दे."

"मी नाही देणार."

ही पदर खोचून पुढे झाली. संसाराला इतकी वर्षे झाली, पण माझे कुठलेच काम हिने एवढ्या उत्साहाने केले नव्हते.

पहिला झोका गेला आणि आला. दुसऱ्याला "मी सांगितलं होतं" म्हणायला तोंड उघडले. तोंडात गिलावा आला. मागोमाग कडी आली. मग फळी, साखळ्या आणि मी, असे सगळे एकदमच जमिनीवर आलो.

"लागलं का हो?" हिने विचारले. मी उत्तर द्यायच्या आतच सुनेकडे वळून म्हणाली, "हातोडी तुझ्या कपाटात ठेव गं. कुलूप लाव."

हाड मोडले नाही, पाठ धरली. डॉक्टरांनी हलायचे नाही म्हणून सांगितले. मिस्त्री आला, स्लॅबमध्ये कड्या पक्क्या बसवून गेला. माझी खाट त्याच खोलीत आहे. स्टॅटिक म्हणजे काय आणि डायनॅमिक म्हणजे काय, ते आता मला पडल्यापडल्या दिवसभर दिसते.

ही झोके घेते. झोका खाटेजवळ आला की विचारते, "अहो, पाणी हवंय का?"

मी हो म्हणेपर्यंत लांब गेलेली असते.