चार जागा, दोन घरं

रविवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी भागाबाई सहाव्या रांगेतली आपली जागा सोडून उठल्या आणि चौथ्या रांगेत, कूलरसमोर जाऊन बसल्या. मांडवात त्या वेळी ऐंशी माणसं बसलेली होती, बट्ट्या तळून तयार होत्या आणि वरणाच्या बादल्या भरल्या जात होत्या. भागाबाईंकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. हातात नकाशा घेऊन उभ्या असलेल्या झुलाल पाटलांचं मात्र गेलं, कारण ती जागा त्यांची होती.

धरणगावजवळच्या या गावात प्रेमराज पाटलांच्या दिपमालाची हळद होती. पाटलांची भावकी नऊ घरांची. या नऊ घरांचं एकमेकांशी उत्तम जमतं. भांडणं आहेत ती ज्याच्या त्याच्या घरात: सख्ख्या भावांत, काकू-पुतण्यांत, जावाजावांत. कुठे शेताचा बांध, कुठे विहिरीची पाळी. एका घरात तर लग्नपत्रिकेवर आधी कोणाचं नाव छापायचं, एवढ्यावरून दोन चुली झालेल्या. भावकीतल्या मागच्या लग्नात दोन सख्खे भाऊ एका रांगेत आले. दोघंही भरल्या पानावरून उठले आणि त्यांच्या मागे सतरा माणसं उठली. आपल्या पोरीच्या हळदीला तसं घडू नये, एवढीच प्रेमराजची इच्छा होती.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वी तो अमळनेरला चुलतभावाकडे गेला. झुलाल पाटील एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. वर्तमानपत्रातलं सर्वांत अवघड सुडोकू ते रोज सकाळी पेनानं सोडवत. खाडाखोड शून्य.

"आबा, नऊ घरं, घरटी नऊ माणसं. बठ्ठा एक्क्याऐंशी सोबत जेवाले पाहिजेत," प्रेमराज म्हणाला. "पण एक घरना दोन माणसं एक रांगमा नकोत. समोरासमोर नकोत. आन् दोन्हीसले एकच वाढपी बी नको. 'त्याले दोन बट्ट्या, माले एक' असं सुरू व्हस."

झुलालनी चहाचा कप खाली ठेवला. "नऊ रांगा, रांगेत नऊ पानं. नऊ वाढपी, प्रत्येकाकडे तीन बाय तीनचा चौक. प्रेमराज, अरे हे तर मी रोज करतो."

आतून त्यांच्या बायकोचा, ताईबाईंचा, आवाज आला. "हेमराजभाऊजींशी तुम्ही सहा वर्षं बोलत नाही. त्यांना कोणत्या चौकात बसवणार?"

हेमराज म्हणजे झुलालचा सख्खा धाकटा भाऊ. वडिलांच्या वर्षश्राद्धाची तारीख कोणी ठरवायची, यावरून दोघांचा अबोला होता.

"आमचं घर नववं. नवाचा आकडा जिथे पडेल तिथे तो बसेल," झुलाल म्हणाले. "आकडे रुसत नसतात."

प्रेमराजनं ठरलेल्या जागांची यादी दिली. गुडघे दुखणाऱ्यांना रांगेच्या टोकाला खुर्ची, कमी ऐकू येणाऱ्यांना डावी बाजू, अशा सव्वीस जागा. उरलेल्या प्रत्येक जागेत कोणकोणतं घर बसू शकेल, ते झुलालनी पेन्सिलीनं बारीक लिहिलं. एका रांगेत दोन जागा अशा निघाल्या, की तिथे तिसरं किंवा आठवं यांपैकीच घर बसू शकत होतं. मग त्या रांगेतल्या बाकी जागांमधून तिसरं आणि आठवं खोडलं. दोन रांगांमध्ये सातव्या घराला त्याच दोन उभ्या ओळींत जागा उरली, तेव्हा त्या ओळींत इतरत्र लिहिलेलं सातवं कापून टाकलं. भावकी भराभर सुटत गेली. सोयरिकीच्या बैठकांत पंचांना जे पंधरा वर्षांत जमलं नव्हतं, ते चार सकाळींत झालं.

शेवटी चार जागा उरल्या. चौथ्या आणि सहाव्या रांगेतलं दुसरं व सातवं पान. चारही ठिकाणी चौथं किंवा नववं घर. कसंही भरलं तरी चालत होतं. झुलाल अस्वस्थ झाले. छापील कोड्याला एकच उत्तर असतं. दोन आकडे असे चार कोपऱ्यांत खेळायला लागले, तर त्यांतला एक आकडा कोड्यात आधीच दिलेला असला पाहिजे. नसेल, तर छापणारा विसरलाय.

त्यांनी प्रेमराजला फोन लावला. "चौथ्या घरातल्या किंवा आमच्या कोणी जागा मागितली आहे का? एक जागा ठरलेली असणारच."

"कोनीच नही, आबा," प्रेमराज म्हणाला. तो तेव्हा मांडववाल्याशी कनातीच्या रंगावरून भांडत होता. चौथ्या घरातल्या भागाबाईंनी तीन दिवसांपूर्वी त्याला बजावलं होतं की त्या कूलरजवळच बसतील, आणि तो हो म्हणाला होता.

झुलालनी ते चारही चौकोन पेनानं भरून टाकले. चौथ्या रांगेत दुसऱ्या पानावर स्वतः, सातव्यावर चौथ्या घरातला रुपचंद. सहाव्या रांगेत दुसऱ्या पानावर रुपचंदची काकू भागाबाई, सातव्यावर हेमराज. काकू-पुतण्याचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. प्रत्येक पानावर नावाची चिठ्ठी ठेवली गेली.

"काकू, तुमची जागा सहाव्या रांगेत," बारा बेचाळीसला झुलाल नम्रपणे म्हणाले. "इथे चिठ्ठी होती."

"व्हती," भागाबाई म्हणाल्या. चिठ्ठी घडी करून त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली होती. "आठे हवा शे. मी प्रेमराजले सांगेल व्हतं."

प्रेमराजनं मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. "हां. सांगेल व्हतं."

झुलाल चिडले नाहीत. त्यांनी नकाशा उलगडला. "दोनच माणसं हलवायची. रुपचंद सहाव्या रांगेत जाईल, तिथला सातव्या पानावरचा माणूस इथे येईल. उत्तर पुन्हा बरोबर."

"सातव्या पानवरना माणूस म्हणजे आपला हेमराज ना?" प्रेमराजनं विचारलं.

"सातव्या पानावरचा माणूस," झुलाल म्हणाले.

पण रुपचंद हलेना. "मी नही उठाव, आबा. अकरा वरीसमा काकूनी आज पहिल्यांदा इचारं, तुनी पोरगी काय शिकस म्हणून."

"समोर शे तं इचारीन नही का?" मधल्या चार माणसांच्या डोक्यांवरून भागाबाई ओरडल्या. "आन् शिकस काय, ते तू अजून सांगं नही!"

आता मांडवात एकच पान रिकामं होतं: सहावी रांग, दुसरं. सगळी पानं भरल्याशिवाय पंगत सुरू करायची नाही, अशी या भावकीची रीत. सुपडू आचारी झारा घेऊनच बाहेर आला. "बट्ट्या थंड्या व्हई राहिन्यात, प्रेमराजभाऊ."

प्रेमराजनं हात जोडले. "आबा, बठी जा. पोरनी हळद शे."

एक वाजून चौदा मिनिटांनी झुलालनी नकाशाची घडी केली, सहाव्या रांगेपर्यंत गेले, आणि खाली बसले. त्याच क्षणी हेमराज उठला.

मागच्या लग्नाची सगळ्यांनाच आठवण झाली. प्रेमराज धावला. "हेमराज, पानवरथीन उठू नको!"

"मी रुसेल नही," हेमराज म्हणाला. भावाकडे न बघता तो वाढप्याशी बोलत होता. "त्यासले सांग, मना रांगमा जेवानं त्यासले जमत नसेल, तं मी बाहेर उभा राहस. त्यासनी निवांत जेवावं."

हे ऐकून झुलाल उठले. "त्याला सांगा," ते त्याच वाढप्याला म्हणाले, "मोठा मी आहे. थांबायचं असेल तर मी थांबतो."

मोठ्या भावाचा मान राखून हेमराज लगेच बसला. आपण बसून मोठा उभा आहे हे लक्षात येताच पुन्हा उठला. तोवर धाकटा बसला म्हणून झुलाल बसले होते.

"दोन्हीसमा रुसेल कोन शे, तेवढं सांगा," प्रेमराज काकुळतीला आला. "मी त्याना पाय धरस."

"मी नाही," झुलाल वाढप्याला म्हणाले.

"मी बी नही," हेमराज वाढप्याला म्हणाला.

एक वाजून सदतीस मिनिटांनी मांडवात ऐंशी जण बसलेले होते आणि पंगतीतला एक जण उभा होता. एक अडतीसलाही आकडे तेच होते. उभा असलेला माणूस बदलला होता.