नाडगीर अण्णांची खालची कवळी

नवनगरात आमच्या शेजारी राहणारे नाडगीर अण्णा खालच्या ओठावर बोट दाबल्याशिवाय बोलत नसत. विचारवंत दिसावं म्हणून नव्हे; बोट काढलं की कवळी बाहेर यायची. वरची टाळूला चिकटून बसते, खालची जिभेबरोबर नाचते. एका मुंजीत कुणाला तरी शिस्त शिकवताना ती थेट मठ्ठ्याच्या वाटीत पडली. अण्णांनी ती काढली, पुसली, बसवली आणि उरलेली शिस्त शिकवली.

निवृत्त हेडमास्तर. दुसऱ्यानं तोंड उघडलं की यांचं "सुम्किर्री!", म्हणजे गप्प बसा. चिक्कू इतके, की चहाला बोलावतील आणि येताना साखर घेऊन या म्हणतील.

अशा माणसानं ऐन अठ्ठ्याहत्तरीत कोप्पीकर रोडच्या डॉक्टरांकडून जबड्यात दोन इम्प्लांट बसवून घेतले. खालची कवळी आता त्यांवर बटणासारखी टचकन बसते. गोवऱ्या मसणात पोचल्या आणि हे दातांचे चोचले! आमची ही म्हणाली, "बोहल्यावर चढायचं असेल पुन्हा."

पुढे तर ताळच सुटला. अण्णा एकेक अक्षर ओठ फाकवून, मुरडून बोलू लागले. भाजीवाल्याकडे भेंडी मागायची तरी नाटकातला प्रवेश. कट्ट्यावर मी त्यांची नक्कल करायचो, लोक पुन्हा करायला लावायचे. बरं, एवढे दात रोवून खातात काय? वरणभात!

बायको सुधाक्का तशीच. हाक मारली तरी ओ नाही. शिष्ट मेली, असा कॉलनीचा निकाल.

परवा दुपारी पाण्याची वेळ बदलल्याचं सांगायला गेलो. दार उघडंच होतं. अण्णा खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसले होते, समोर सुधाक्का. अण्णांचे ओठ भराभर हलत होते, पण आवाज अजिबात नव्हता. आणि सुधाक्का खळखळून हसत होत्या.

मला पाहून अण्णा चपापले. तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "कान पार गेलेत तिचे. ओठ बघून समजून घेते. कुणाला कळलेलं तिला आवडत नाही."

मला फार वाईट वाटलं.

सुधाक्का मात्र मोकळेपणी म्हणाल्या, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं, "बसा की! हे काय सांगायलेत ते आता सगळं कळतंय बघा मला. मधे ते बोट असायचं तेव्हा काहीच कळत नव्हतं हो. नुसती हसून मान हलवायची मी. यांना वाईट वाटायला नको म्हणून."

अण्णा तिच्याकडे वळले आणि सावकाश ओठ हलवले. मलासुद्धा ते वाचता आले.

"माहीत होतं मला."