मधला कोण?

आमच्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट मी एकट्याने बसवली, हे मी भंडाऱ्यात आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो. नंतर सांगणं बंद केलं.

त्याचं असं झालं. साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट घेतलं, तर दोन फाइली आल्या. एकीवर दुकानाचं नाव होतं, ती चढवली. दुसरीवर कुण्या भलत्याच कंपनीचं नाव. ती कचरा समजून उडवली. माझ्या कम्प्युटरवर साइट झकास उघडली. गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर मात्र लाल पाटी: इथे धोका आहे! सिहोऱ्याच्या वंदना नावाच्या मास्तरीणबाईंनी तर फोनच केला, "काय जी, पाणी भराले पितळेचा गुंड घ्यावं म्हटलं, तं मोबाइल तुमाले चोर सांगून राहिला!"

मग शेजारच्या गुणवंतला बोलावलं. तो नागपूरच्या एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्राम लिहितो आणि आमच्याकडे जेवतो. स्क्रीन पाहून त्याने एवढंच विचारलं, "मधला कोण?"

"कसला मधला?"

"भाऊ, तुमच्या दुकानाची हमी एका कंपनीनं घेतली. तिची हमी तिच्याहून मोठ्या कंपनीनं घेतली. मोबाइल ओळखते फक्त त्या मोठ्या कंपनीले. तुम्ही मधल्यालेच हाकलून देल्लं, तं त्यानं भरवसा कायच्यावर ठेवावं?"

"मग माझ्याकडे कशी उघडली?"

"तुमच्या कम्प्युटरची अन् मधल्याची दुसरीकडं कुठं भेट झाली असन. गिऱ्हाइकाच्या मोबाइलची काहून होईन?"

"मधला कोण?" हा गुणवंतचा श्वास. मोबाइलवर 'उद्या नळ येणार नाही' असा निरोप आला की हा पाठवणाऱ्याला फोन करतो, मग त्याला पाठवणाऱ्याला, असं करत पाण्याच्या टाकीवरच्या माणसापर्यंत पोचतो. तोवर नळ येऊन गेलेला असतो. दूधवाल्याने एकदा भावाला पाठवलं, तर त्याला दारात उभं करून दूधवाल्याशी बोलणं करवलं. दूध तापवायच्या आधीच नासलं. भंडाऱ्यात सगळ्यांचे मधले शोधणाऱ्या या माणसाला त्याचं गाव विचारा, तर म्हणतो, "सर्व्हर."

साइट त्याने दहा मिनिटांत नीट केली. मग तपासायला वंदनाला फोन केला, "आता उघडून राहिली का?" उघडत होती. तरी तपासणी पुढे तीन महिने, रोज संध्याकाळी, सुरू होती. शेवटी माझ्या बायकोने, सुमनने, आम्हा दोघांना बसमध्ये घालून वंदनाला मागणी घालायला सिहोऱ्याला नेलं.

आमच्या भागात चहाच्या आधी एक प्रश्न येतो. वंदनाच्या वडिलांनी, तुळशीरामजींनी, तो विचारला, "कोणाचे जी तुम्ही?" उत्तर त्यांच्या ओळखीच्या माणसापाशी पोचेपर्यंत चहा काही पुढे सरकत नाही.

गुणवंत म्हणाला, "वसतिगृहात वाढलो जी. मांगं कोणी नाही. माही हमी मीच."

असली हमी कोणताच मोबाइल मानत नाही, हे त्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक होतं. दारात वंदना चहाचा ट्रे घेऊन थिजली होती.

मला राहवेना. "मी सांगतो ना! सोन्यासारखा पोरगा आहे!"

तुळशीरामजी माझ्याकडे वळले. "अन् तुम्ही कोणाचे?"

मी सुमनकडे पाहिलं. सुमनने पदर सावरला. "नाकाडोंगरीच्या पार्वताबाई माही मावशी होय जी."

"कोण पार्वताबाई? आमच्याकडं धानाच्या रोवण्याले बाया घेऊन येत, त्या?"

"त्याच. मी तिच्या हाताखाली वाढली. अन् गुणवंत भाऊजी कितीक वर्षांपासून माह्या हातचं जेवून राहिले. हे आमचे होत."

म्हातारा म्हणाला, "पार्वताबाईची भाची खोटं नाही बोलाची. वंदे, चहा आण वो!"

"केव्हाची घेऊन उभी आहो, बाबा!"

येताना बसमध्ये गुणवंत तुमसरपर्यंत नुसता खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत हसत होता. एकदम वळून म्हणाला, "वहिनी, हमीले मुदत राहते. सरली का मोबाइल पुन्हा लाल पाटी दाखवते. तुमची कवापर्यंतची आहे?"

सुमन म्हणाली, "मावशी आहे तोवर मावशीची, मंग माही. लगन झालं म्हणून जेवाले याचं बंद नोका करू म्हणजे झालं."