तात्यांचा जकातनाका

आमच्या लहानपणी देवासात एकच माणूस असा होता, जो हवं तेव्हा परदेशी जायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी परत यायचा. ते आमचे तात्या. आगगाडी नाही, बोट नाही, समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त नाही. पायांत झिजक्या वहाणा अडकवायच्या, डोक्यावर पागोटं ठेवायचं आणि समोरचा रस्ता ओलांडायचा. झालं परदेशगमन!

हसू नका. आमचं देवास होतंच तसं. गाव एक आणि राजे दोन. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी पाती. दफ्तरं वेगळी, शिपाई वेगळे, कायदे वेगळे. आमच्या बाजूचा झाडूवाला झाडत झाडत रस्त्याच्या मध्यापर्यंत यायचा आणि पुढे विहीर असल्यासारखा थांबायचा. पलीकडचा झाडूवाला आपला अर्धा भाग त्याच्या सवडीने झाडायचा. त्यामुळे सकाळी रस्त्याच्या मधोमध कचऱ्याची एक लांबच लांब रेघ दिसायची.

इतरांना तो कचरा दिसायचा. तात्यांना त्यात भूगोल दिसायचा.

"पाहा हो मंडळी," ते आम्हा मुलांना म्हणायचे, "याला म्हणतात सरहद्द. नकाशा विकत आणायला नको. केरसुणीने काढून ठेवलाय. सांगा, खर्च काय आला?"

आणि आम्ही सगळी कार्टी बेंबीच्या देठापासून ओरडायचो, "काही नाही!"

"खर्च काय आला?" हे तात्यांचं पालुपद. थोरल्या पातीच्या दफ्तरात ते साधे कारकून, पण काटकसरीत त्यांचा हात धरणारा अख्ख्या माळव्यात कुणी नव्हता. चिंचोके, रिठे, सागरगोटे, फुटक्या कौलाचे तुकडे, जुन्या पागोट्याची सुतं, काही म्हणून टाकायचे नाहीत. पाटी-पेन्सिलीच्या ऐवजी ओटल्यावर धूळ पसरायची आणि बोटाने अक्षरं काढायची. चुकलं की फुंकर मारायची. संध्याकाळी गोष्ट सांगायला बसले की दिवा लावायचे नाहीत. "गोष्ट कानांनी ऐकतात, तेल कशाला जाळायचं?" म्हणायचे. माझे वडील त्यांना तोंडावर चिक्कू म्हणत आणि तात्या खूश होत. काय म्हणावं या माणसाला!

पण मुलांना रिझवावं तर तात्यांनीच. आज माझ्या नातवंडांना इथे धारला चावीची मोटार आणून दिली, तर दुपारपर्यंत तिचं चाक निघालं आणि संध्याकाळी कार्टी पुन्हा "आजी, करमत नाही" म्हणून माझ्या पदराशी. आम्हाला चिंचोक्यांनी वर्षं पुरली बाई! माझं आपलं असंच आहे, धारला येऊन जन्म गेला, पण करमत नाही म्हटलं की मला देवासचा तो रस्ता आठवतो.

परदेशी जायचं तर जकातनाका हवाच. मारुतीच्या ओटल्यापाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, तात्या काठी आडवी धरून उभे राहायचे. तोंडावर अशी काही ऐट, की खरा नाकेदार लाजावा. एरवी अरे-तुरे करणारे तात्या नाक्यावर आम्हाला अहो-जाहो करायचे.

"कोण आपण?"

"कुसुम."

"वडिलांचं नाव? गोत्र? कुलदैवत कुठलं?"

सगळं धडाधड सांगावं लागे. अडखळलं की मागे. मग शेवटचा प्रश्न. "माल काय आणलात?"

प्रत्येकाने वाटेत सापडलेली एक वस्तू दाखवायची. पीस, पान, बी, काहीही. तिचं नाव सांगायचं, ती कशाला लागते ते सांगायचं, आणि एक चिंचोका जकात भरायची. मग तात्या काठी वर करून म्हणायचे, "पास!" त्या एका शब्दासाठी आम्ही जीव टाकायचो. पळसाच्या पानाला आमच्याकडे खाखरा म्हणतात आणि त्याच्या पत्रावळी होतात, हे मी शाळेत नाही शिकले, नाक्यावर शिकले.

आमच्यात गवळ्याची धापू होती. मोठी चुणचुणीत पोर, आणि सारं माळवीतून बोलायची. तिला नाक्यावर पाहून शेजारच्या सोवळ्या काकूंनी नाक मुरडलं, तेव्हा तात्या म्हणाले, "वहिनी, नाक्यावर शिवाशिव नसते, फक्त जकात असते." काकू जकातीच्या भीतीने आत गेल्या.

पलीकडे पोचलं की तात्या दबक्या आवाजात सांगायचे, "सांभाळून हो! आता आपण परमुलखात आहोत. इथले लोक दिसायला आपल्यासारखेच आहेत, पण फसू नका." मग तिथल्या विहिरीचं पाणी आम्हाला पाजायचे. "चव कशी आहे?" आम्ही म्हणायचो, "गोड." "टेकरीवरची माता तीच, पाणी तेच. राजे तेवढे दोन. सांगा, खर्च काय आला?"

"काही नाही!"

आणि मग कुठलाही रस्ता धरला तरी ती वरात शेवटी एकाच ठिकाणी जाऊन थांबायची. धाकट्या पातीतले बडे गृहस्थ भाऊसाहेब, त्यांच्या मोठ्या घरापुढे. तिथे ओटल्यावर जरीची टोपी घातलेला एक मुलगा आमची वाट पाहत उभा असायचा. त्याचं नाव माधव.

माधव पूर्वी सदू होता. तात्यांचा सदू. त्यांचा एकुलता एक मुलगा.

प्लेगात तात्यांची बायको गेली तेव्हा सदू नुकता बोबडं बोलणं सोडून नीट बोलायला लागला होता. आई गेल्यावर त्याने बोलणंही टाकलं आणि जेवणंही. तात्या घास घेऊन मागे मागे फिरायचे, पोर तोंड उघडायचं नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी माईसाहेब म्हणजे त्याच्या आईची मैत्रीण. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या रस्ता ओलांडून आल्या, त्याला मांडीवर घेतलं, आणि त्या दिवशी पोर पोटभर दूधभात जेवलं. मग तो तिकडेच राहू लागला. भाऊसाहेब म्हणाले, राहायचं तर रीतसर राहू दे. होम झाला, तात्यांनी आपल्या हाताने मुलाला भाऊसाहेबांच्या मांडीवर दिलं. नाव बदललं, गोत्र बदललं, सदूचा माधव झाला.

गावाने काय म्हणावं? "चिक्कू तो चिक्कूच. पोराचा खर्चसुद्धा वाचवला!" मला अजून त्या लोकांचा राग येतो. मेल्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

माझ्या आईने एकदाच तात्यांना विचारलं, "भावजी, कसं हो धजावलात?" तात्या चिंचोके निवडत होते. म्हणाले, "वहिनी, त्याला आई हवी होती. ती माझ्याजवळ नव्हती. बाप काय, रस्त्यापलीकडूनही होता येईल, असं वाटलं मला." आईने पदर डोळ्यांना लावला आणि त्यांच्यासमोर चहा ठेवला.

पण तसं होता येत नाही. भाऊसाहेबांनी अट घातली होती, की मुंज होईपर्यंत पोराने जन्मघराचा उंबरा शिवायचा नाही. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, दिलेलं मूल रुजायला हवं. पण तात्यांचं घर इकडे, पोर तिकडे, आणि मधे फक्त एक रस्ता. दूरदेशी दिलं असतं तर सोसलं असतं. हे रोज दिसायचं! म्हणून तर तो नाका, म्हणून ते परदेशगमन. भरल्या रस्त्यात, गावाच्या पोरांबरोबर खेळायला कुणाची आडकाठी असणार? माईसाहेब आतून म्हणायच्या, "जा रे माधव, खेळ." तात्या आमच्या सगळ्यांचा हात धरायचे आणि त्यात त्याचाही एक हात असायचा.

पण एके दिवशी सगळंच फिसकटायची वेळ आली. परतीचा नाका भाऊसाहेबांच्याच ओटल्यापाशी मांडला होता. माधवची पाळी आली.

"कोण आपण?"

"सदू," तो हसून म्हणाला.

"वडिलांचं नाव?"

त्याने तात्यांच्या पोटाला बोट लावलं. "तुम्ही!"

आम्ही फिदीफिदी हसलो. मुलंच ती! पण वर माडीत भाऊसाहेब उभे होते. ते खाली आले. आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरला होता. "तात्या, वैशाखात मुंज आहे. साऱ्या गावासमोर याने असं म्हटलं तर माझी काय शोभा राहील? आणि त्याची तरी? तुमच्या खेळाने जुनं पुसलं जात नाही. मला वाटतं, हा खेळ आता बंद व्हावा."

तात्यांच्या हातातली काठी खाली आली. ती त्यांनी ओटल्याला टेकवली. मग म्हणाले, "भाऊसाहेब, मुंजीपर्यंत मुदत द्या. खेळातच शिकवतो. नाही आलं, तर मी रस्ता ओलांडणार नाही."

त्या दिवसापासून आमच्या नाक्याचा रंगच पालटला. तात्यांनी लंगडीचा खेळ काढला. धुळीत चौकोन आखले. एकेका शब्दाला एकेक उडी. नाव, वडिलांचं नाव, गोत्र, आणि शेवटी मोठ्यांना नमस्कार करतात तसं कान धरून वाकायचं. एकट्या माधवला शिकवलं असतं तर तो बुजला असता, म्हणून आम्हा सगळ्यांना उड्या मारायला लावल्या. मुलींनासुद्धा! "तुमचं गोत्र उद्या लग्नात बदलेल हो, कुसुमताई," मला म्हणाले, "बदललं म्हणजे माणूस हरवत नाही. नवं नीट पाठ करायचं, बस." ते मला म्हणत होते, पण बघत होते भलतीकडेच.

माधव पहिल्या चौकोनालाच अडखळायचा. "सद..." म्हणायचा आणि जीभ चावायचा.

"या नावाचा प्रवासी आमच्या नाक्यावर नाही," तात्या म्हणायचे. "मागे जा आणि आठवून या."

तो हसत मागे जायचा, पुन्हा उडी मारायचा. एकदा त्याने रडकुंडीला येऊन विचारलं, "पण तात्या, तुमचं नाव कुठल्या चौकोनात?"

"मी नाकेदार. नाकेदार चौकोनात नसतो, बाहेर उभा राहतो," तात्या म्हणाले. आणि काठीने धूळ उगीच सारखी करत बसले.

आमच्या रस्त्यावरची भाजीवाली मावशी पाटी उतरवून हे सारं बघायची. "तात्याजी, कई करी रिया हो? पोरां के नचाई रिया हो?" तात्या म्हणायचे, "बाई, विद्या शिकवी रियो हूं. फुकट!"

हळूहळू माधवला जमलं. आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग कौशिक गोत्र. ज्या दिवशी तो सगळे चौकोन न अडखळता पार करून आला, त्या दिवशी आम्ही टाळ्या पिटल्या. तात्यांनीही पिटल्या. त्यांनी "पास!" म्हटलं, पण "खर्च काय आला?" विचारायचं राहून गेलं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुंज थाटाची झाली. सनई, हंड्या, झुंबरं, जिलबीच्या पंगती. तात्या आम्हा मुलांना घेऊन पाहुण्यासारखे आले आणि मांडवाच्या कडेला बसले. आहेर म्हणून त्यांनी आणला होता पळसाचा दंड. रानात जाऊन स्वतः तोडलेला, कौलाच्या तुकड्याने घासून घासून इतका गुळगुळीत केलेला, की हात घसरावा. भाऊसाहेबांनी चांदीच्या मुठीचा दंड करवला होता. कुणीतरी पाठीमागे खुसखुसलं, "आले, फुकटचा आहेर घेऊन!" पण भटजींनी दोन्ही बघितले आणि म्हणाले, "शास्त्राला पळसाचा लागतो." माईसाहेबांनी तोच बटूच्या हातात दिला.

मग बटू वडीलधाऱ्यांना नमस्कार करत निघाला. डोकं तुळतुळीत, कमरेला लंगोटी, खांद्यावर नवं जानवं. एकेकाला वाकत, नाव-गोत्र म्हणत, तो तात्यांपुढे आला. मांडवातली कुजबूज थांबली. भाऊसाहेब पुढे सरकले.

माधवने कान धरले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "कौशिकगोत्रोत्पन्नः माधवशर्मा अहं भो अभिवादये." कुठे अडखळणं नाही, जीभ चावणं नाही. आणि तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

सगळ्यांनी "वा, वा!" म्हटलं. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. पोर मात्र तसंच वाकून राहिलं. मग मान वर करून, फक्त त्यांनाच ऐकू जावं अशा आवाजात त्याने विचारलं, "तात्या, पास?"

मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

तात्यांचा हात त्याच्या तुळतुळीत डोक्यावर होता. तो त्यांनी काढलाच नाही, किती वेळ कोण जाणे. मग म्हणाले, "पास."

भाऊसाहेबांनी स्वतः येऊन तात्यांचे हात धरले. "तात्या, आता कधीही या. घर तुमचंच आहे." तात्या नुसते हसले. जिलबी खाल्ली, विडा घेतला, आणि आम्हाला घेऊन परत निघाले. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. आम्हाला ते कसंसंच वाटत होतं. परदेशाहून येताना तात्या कधी गप्प नसायचे.

रस्त्याच्या मध्यावर धापूने त्यांचं उपरणं ओढलं. "तात्याजी, आज पूछ्यो नी?"

"काय हो, धापूबाई?"

"खरचो कई आयो?"

तात्या थांबले. सकाळची ती कचऱ्याची रेघ अजून होती आणि ते नेमके तिच्यावर उभे होते. आम्ही सगळी "काही नाही" ओरडायला तोंड उघडून तयार.

"आज आला हो," तात्या म्हणाले. "आज आला थोडा."

आमची तोंडं तशीच उघडी राहिली. धापूला काय वाटलं कोण जाणे. तिने ओढणीची गाठ सोडली, आतला एक चिंचोका काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. तात्यांनी मूठ मिटली, आणि आम्ही सारे रस्ता ओलांडून आपल्या राज्यात आलो.