हेमलताचे राहिलेले विषय

"धुमाळांच्या हेमलताचे दोन्ही विषय यंदा घर सोडून चालले, आणि मग त्या घरात..." एवढंच मला गिरणीत ऐकू आलं. पुढचं वाक्य चक्कीच्या आवाजात गेलं. बोलत होत्या बोराटे वहिनी, आणि त्यांना पुन्हा विचारावं तर त्या म्हणणार, तुम्हाला काय करायच्यात चौकशा. म्हणून पीठ घेतलं आणि सरळ घरी आले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हेमलताचे १९८८ साली दहावीला दोन विषय राहिले, विज्ञान आणि इंग्रजी, आणि ते तेव्हापासून तिच्याच घरी राहतात. बाकीचे सुटले. गणित तर निकालाच्या संध्याकाळीच गेलं, चहासुद्धा न घेता. ह्या दोघांना मात्र तिच्या आईनं मधली खोली दिली. आई-वडील गेले, भाऊ नाशिकला गेला, हे दोघं राहिले.

शिक्षक कॉलनीत माझं घर चौथं आणि हेमलताचं पाचवं. मधली भिंत कमरेएवढी आहे, त्यामुळे दिसतं ते मी बघते.

मी स्वतः त्याच वर्षी बेचाळीस टक्क्यांनी पास झाले. माझे सगळे विषय एकदम सुटले. आईनं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी घर इतकं मोकळं वाटलं की मी उगाच दप्तरात हात घालून बघितला. पुढे कुणाचं पत्र नाही की निरोप नाही. आज भूमिती समोरून आली तरी मी तिला ओळखणार नाही. त्यामुळे हेमलताकडे गेले की मला बरं वाटायचं. निदान दुसऱ्याचे का होईना, विषय डोळ्यांसमोर होते.

विज्ञान स्वभावानं चौकस. ते नपुंसकलिंगी असल्यामुळे सगळी कॉलनी त्याच्याशी लेकरासारखं बोलते, वयानं मोठं असलं तरी. कुणाचा फ्यूज उडाला की ते धावतं, पण हात लावायच्या आधी साहित्य, आकृती, कृती, सगळं सांगतं. कुणाकडेही ताक प्यायला दिलं तर आधी लिटमस बुडवतं. इंग्रजीबाई त्याच्या अगदी उलट. इस्त्रीची साडी, घट्ट अंबाडा, ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि पूर्ण वाक्य तयार झाल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत. हेमलताला बघायला दोन-तीन स्थळं आली होती. एकांनी निरोप धाडला की मुलगी पसंत आहे, एक विषय बरोबर आला तरी चालेल, पण दोन म्हणजे आमचं घर लहान आहे. हेमलता म्हणाली, मी निवड करणार नाही. तो विषय तिथंच मिटला.

त्या दिवशी मी वाटीत शेंगदाण्याची चटणी घेतली आणि भिंतीवरून हाक मारली.

"हेमा, गिरणीत काहीतरी ऐकलं."

"बोराटे वहिनी होत्या का?"

"होत्या."

"मग निम्मंच ऐकलं असशील. ये आत."

तिनं सांगितलं ते असं. ती एकोणीस वर्षं वाचनालयात मदतनीस आहे. ग्रंथपाल काका डिसेंबरात निवृत्त झाले. अध्यक्ष पाटसकर सरांनी तिला बोलावलं आणि म्हणाले, बाई, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे तुम्हाला डोळे मिटून कळतं, पण ग्रंथपालाच्या खुर्चीला दहावी लागते. जूनपर्यंत पास व्हा. नाहीतर बाहेरून माणूस येईल, आणि तो आला की दोघांना पुरेल एवढं काम तिथं नाही.

"म्हणजे पास झालीस तर हे दोघं जाणार," मी म्हटलं.

"विषय सुटला की थांबत नाही. नियमच आहे."

"आणि नाही झालीस तर?"

"तर हे राहणार, वाचनालय जाणार, आणि मी दिवसभर घरात बसून यांच्या तोंडाकडे बघणार."

आतून विज्ञान म्हणालं, "आम्हाला ऐकू येतंय. आवाज हवेतून सेकंदाला तीनशे चाळीस मीटर येतो."

"तू गप रे," हेमलता म्हणाली, पण चटणीतली निम्मी त्याच्यासाठी बाजूला काढली.

फॉर्म भरायला मी तिच्याबरोबर शाळेच्या ऑफिसात गेले. निमसे क्लार्कनी चष्मा लावून फॉर्म वाचला आणि म्हणाले, विषय राहिले आहेत हे मार्कशीटवरून दिसतं, पण सध्या राहतात का, याला शेजाऱ्याचा जबाब लागतो. शेजारी मीच होते.

"विषय सलग राहतात का?"

"सलग."

"मधे कुठं गेले होते?"

"विज्ञान एकदा जिल्ह्याला प्रदर्शनाला गेलं होतं. तीन दिवस."

"परत आलं?"

"आलं. उत्तेजनार्थ."

त्यांनी ते लिहून घेतलं. "वागणूक?"

"इंग्रजीबाईंची चांगली आहे. विज्ञान ताकात हात घालतं."

"वागणूक समाधानकारक," असं लिहून निमसेंनी माझी सही घेतली. मग पेन ठेवून म्हणाले, "एक अडचण आहे. तुमचे विषय अठ्ठ्याऐंशीचे आहेत. अभ्यासक्रम बदललाय. चालतील, नाही असं नाही, पण नुसती तुमची उजळणी होऊन भागणार नाही. विषयांचीही करून घ्यावी लागेल."

जानेवारीपासून रोज सकाळी सहा ते आठ हेमलताच्या ओट्यावर उजळणी सुरू झाली. ती वाचनालयातून नवीन पुस्तकं घेऊन आली. मी अंगण झाडायला जरा जास्त वेळ घ्यायला लागले.

पहिल्याच आठवड्यात ग्रहांवरून वाजलं. विज्ञानाकडे नऊ ग्रह होते. नवीन पुस्तकात आठ.

"एक कमी छापलाय," विज्ञान म्हणालं.

"छापलाय बरोबर. प्लूटो काढला," हेमलता म्हणाली.

"काढला म्हणजे? तो तर तिथंच असेल."

"आहे तिथंच. पण त्याला ग्रह म्हणायचं नाही."

विज्ञानानं पुस्तकातले ग्रह बोटानं पुन्हा मोजले. मग म्हणालं, "तो नववा मी इतकी वर्षं सांभाळला. आता ठेवू कुठं?"

हेमलतानं त्याला डाळीचा एक रिकामा डबा दिला. त्यात ठेवला त्यानं.

इंग्रजीबाईंचं अडलं पत्रावर. नवीन पुस्तकात ई-मेल होता. त्या म्हणाल्या, "उजव्या कोपऱ्यात पत्ता नसेल तर मी पत्र लिहीत नाही."

"बाई, आता पत्ता नसतो. आयडी असतो."

"मग माणूस राहतो कुठं?"

हेमलतानं माझ्याकडे बघितलं, मी केर भरला.

पण फेब्रुवारीपर्यंत दोघंही रुळले. विज्ञान आठ ग्रह न अडखळता म्हणायला लागलं. एकदा त्यानं मला भिंतीपाशी बोलावलं आणि काचेच्या बशीत निळे खडे दाखवले.

"ओळखा."

"मोरचूद," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. शाळेची प्रयोगशाळा, तिथला स्पिरिटच्या दिव्याचा वास, खडूनं पांढरे झालेले बाईंचे हात, सगळं त्या निळ्या रंगाबरोबर आलं. मी म्हटलं, "माझंही एक विज्ञान होतं रे. कुठं असेल ते?"

"सुटलेल्यांचं आम्हाला कळवत नाहीत," ते म्हणालं, आणि मला एक खडा दिला. तोंडात घालू नका, असं तीनदा सांगून.

इंग्रजीबाई शब्दांची रूपं म्हणून घ्यायच्या. ईट, एट, ईटन. राइट, रोट, रिटन. हेमलता घडाघडा म्हणायची. फक्त गो, वेंट, इथपर्यंत आली की तिसऱ्या शब्दाला तिचा आवाज खाली जायचा. इंग्रजीबाई म्हणायच्या, "पुन्हा." ती पुन्हा म्हणायची. पुन्हा तिथंच. शेवटी बाई म्हणाल्या, "हा शब्द परीक्षेत येईलच असं नाही," आणि पुढं गेल्या. मी त्यांच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकलं.

परीक्षेला मी तिन्ही पेपरांना गेले, विज्ञानाचे दोन आणि इंग्रजीचा एक. हेमलता पंजाबी ड्रेस घालून सोळा वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी होती. दारातल्या सुपरवायझरनं दोघांना अडवलं. "विषय बाहेर. सोबत घेऊन बसलात तर कॉपी धरली जाईल." मग मी आणि ते दोघं सायकल स्टँडच्या शेडमध्ये बसलो. विज्ञानाच्या पेपरांना विज्ञान सारखं उठून खिडकीकडे जायला बघायचं, मी त्याला धरून ठेवलं. पण ते पेपर बरे गेले. घोळ झाला इंग्रजीच्या दिवशी.

घंटा झाली, हेमलता बाहेर आली, शांत होती.

"कसा गेला?"

"सगळा सोडवला. एक प्रश्न सोडला."

"सोडवला म्हण."

"सोडला."

"सुचला नाही का?"

"सुचला होता. एका मार्काचा होता, तिसऱ्या रूपाचा."

इंग्रजीबाई सायकली मोजत असल्यासारख्या दुसरीकडे बघत होत्या. घरी आल्यावर मी भिंतीवरून बोलले.

"हेमा, तुला कळतंय का? पस्तिसावर पास आहे. तुझं सगळं तिथंच घुटमळतंय. एक मार्क म्हणजे वाचनालय!"

"कळतंय मला."

"मग कशाला सोडलास?"

"उत्तर येत होतं मला," ती म्हणाली. "येत असलेलं लिहायलाच पाहिजे असं कुठं असतं?" आणि कपडे वाळत घालायला लागली.

एप्रिल आणि मे कसे गेले ते माझं मला माहीत. पाटसकर सरांकडे बाहेरचा एक माणूस दोनदा येऊन वाचनालय बघून गेला. त्यानं कपाटांना हात लावून धूळ बघितली म्हणे. हेमलता त्या दिवशी घरी आली तेव्हा जेवली नाही. विज्ञान तिला म्हणालं, "भूक लागणं ही रासायनिक क्रिया आहे, ती होणारच." ती हसली नाही.

निकाल जूनमध्ये लागला. निमसेंनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बैठक क्रमांक घातला. मी हेमलताचा दंड धरला होता, तिच्यापेक्षा मलाच आधार पाहिजे होता.

"विज्ञान, सत्तेचाळीस. सुटलं." त्यांनी चष्मा वर केला. "इंग्रजी, चौतीस."

हेमलता खाली बसली. बाकड्यावर नाही, खालीच.

"थांबा बाई, पुढं काहीतरी आहे. अधिक एक. ग्रेसचा गुण. पस्तीस. उत्तीर्ण."

पाटसकर सरांनी त्याच दुपारी वाचनालयाच्या चाव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निमसे रजिस्टर घेऊन घरी आले, कारण विषय सुटल्याची नोंद समक्ष करावी लागते. आधी विज्ञान निघालं. सामान फारसं नव्हतं, एक चंचुपात्र आणि तो डाळीचा डबा. हेमलतानं त्याच्या पिशवीत लाडू घातले. दारात मी म्हटलं, "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं."

त्यानं विचार केला. "तशी पद्धत आहे," ते म्हणालं. "पण ते बरोबर होणार नाही. जातो." आणि वळणापर्यंत गेल्यावर एकदा थांबून हात वर केला. मग दिसलं नाही.

इंग्रजीबाई आधीच तयार होत्या. त्यांनी हेमलताचा हात हातात घेतला, तिच्या कानापाशी एक पूर्ण वाक्य बोलल्या. मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू यावं म्हणून मी पुढंही सरकले नाही. मग त्या फाटकाकडे निघाल्या.

निमसेंनी रजिस्टर वाचलं. "चौतीस गुणांच्या इंग्रजी सुटल्या. पस्तिसावा गुण मंडळानं दिलेला आहे. तो उमेदवारानं मिळवलेला नाही, त्यामुळे तेवढा विषय सुटत नाही. उमेदवार उत्तीर्ण, विषय अंशतः राहिला. सही करा."

हेमलतानं सही केली. शेजारी म्हणून मीही केली.

इंग्रजीबाई फाटकाबाहेर पडल्या, अंबाडा, साडी, पर्स, सगळ्यासकट रस्त्यानं लांब गेल्या. आणि फाटकाच्या आत एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, निळा स्कर्ट, छातीशी धरलेली चार रेघांची वही. तिनं आम्हा तिघांकडे बघितलं आणि विचारलं, "मे आय कम इन?"

निमसे क्लार्क रजिस्टरात काहीतरी शोधायला लागले. मी पदर तोंडाला लावला. हेमलता म्हणाली, "येस. कम इन," आणि तिला आत घेतलं, दूध-पोळी दिली. वाचनालयाची वेळ होत आली होती.

पुढच्या सोमवारी मी गिरणीत गेले. बोराटे वहिनी होत्याच.

"गेले म्हणे हो दोघंही, हेमलताचे. मी म्हणतच होते."

"विज्ञान गेलं," मी म्हटलं.

"आणि इंग्रजीबाई?"

"गेल्या. एका मार्काच्या राहिल्या."

"एका मार्काच्या म्हणजे केवढ्या?"

मी हात कमरेपाशी धरला. "एवढ्या."

बोराटे वहिनींनी हाताकडे नीट बघितलं. "मग शाळेत घालायला पाहिजे तिला."

"घातली," मी म्हटलं. "पाचवीत."

आणि माझा नंबर आला.