कातड्याला कच्चा टाका नसतो

गणपानाना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पाय बघतात, मग कमरेचा पट्टा, मग हातातली पिशवी. तोंडापर्यंत पोचायच्या आत त्यांचं मत तयार झालेलं असतं. मिरजेत आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा येऊन गेला की नाना सांगतात, "त्यो डावी टाच झिजवणारा आलता की रं." पाहुण्याचं नाव, गाव, नातं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. उद्या पोलिसांनी नानांना चोर ओळखायला बोलावलं, तर आधी सगळ्या संशयितांना त्यांच्या त्यांच्या चपला घालून उभं करावं लागेल.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात नाना अक्षता टाकायला स्टेजवर चढले आणि एकदम नवरदेवाच्या पायाशी वाकले. एवढा वयस्कर माणूस आपल्या पाया पडतोय म्हणून नवरदेव घाबरून दोन पावलं मागं सरला. नानांनी त्याचा बूट धरून कडेला नख लावून बघितलं, आणि खिशातून काडेपेटी काढली. नाना विडी ओढत नाहीत. काडेपेटी असते ती परीक्षेसाठी. कडेचा एक तुसभर धागा जाळायचा. केस जळल्यासारखा वास आला तर कातडं, नाहीतर रेक्झिन. नवरीच्या मामानं वेळीच त्यांचा हात धरला म्हणून बरं. बूट त्यांच्याकडचे होते.

"अहो, खरं लेदर म्हणून सांगितलंय आम्हाला दुकानदारानं!" मामा कळवळून म्हणाले.

"असंल," नाना उठत म्हणाले. "दुकानदारानं सांगितलं असंल."

जेवताना मामा नानांपासून लांबच्या खुर्चीवर बसले, पाय खुर्चीखाली ओढून घेऊन.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कातड्याचं. माझे वडील आणि भावकीतले हे नाना एकाच ओट्यावर बसून चपला शिवायचे. मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी अभिमानानं सांगतो आणि कुणी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगतो. वडिलांनी लोकांच्या चपलांना टाचा ठोकून मला शिकवलं, त्यात लाजण्यासारखं काय आहे? एवढंच झालं की बी.कॉम. होता होता माझ्या हातातली कातडं टोचायची आरी सुटली. नाना तेव्हापासून मला नावानं हाक मारत नाहीत. "ग्रॅज्वेट" म्हणतात. "काय ग्रॅज्वेट, सोल सुटलाय तुजा. कालिजात हे शिकवलं न्हाई व्हय?"

माझ्या शिक्षणाचा नानांना एक फायदा मात्र झाला. कातड्यावर टाक्यांचं अंतर आखायला ते माझ्या आठवीतल्या कंपासपेटीतला दोन टोकांचा कर्कटक वापरतात. मी मागितला की म्हणतात, "ऱ्हाऊ दे. तुज्या शिक्षणातलं एवढंच कामाला आलंय."

पलूस, आष्टा, कुठून कुठून माणसं नानांकडे सल्ला विचारायला येतात. कोणती आरी घेऊ, कुठलं मशीन घेऊ, बॅगेला कुठलं कातडं घालू. सल्ला फुकट, पण आधी हात पुढं करावा लागतो. ज्योतिष्यासारखा पंजा उलटा-पालटा करून नाना बघतात. "आरीची मूठ तुज्या हाताची पायजे. बाजारातली मूठ कुणाच्या हाताची असती? कुणाच्याच न्हाई." मग सांगतात, "हत्यारं चारच घे. कापायला रापी, टोचायला आरी, ठोकायला हातोडी आणि आखायला कायतरी. बाकीची घेतलीस की ती पुसण्यातच जन्म जाईल."

नानांची स्वतःची चार हत्यारं एका जुन्या काळ्या पडलेल्या थैलीत झोपतात. या थैलीचं आम्हाला सगळ्यांनाच कोडं होतं. दुसऱ्याच्या शिवणीतला एक टाका वाकडा दिसला तर नाना त्याला चहा न पाजता पलूसला परत पाठवतात. आणि त्यांच्या थैलीची शिवण? वाकडी. शिवाय शिवणीच्या कडेनं रिकाम्या भोकांची आख्खी एक रांग. कुणी चेष्टा केली की नाना थैली बाजूला सरकवून म्हणतात, "चालतंय की." जगात दुसऱ्या कुठल्याच वस्तूला त्यांनी "चालतंय" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

नानांनी लग्न केलं नाही. आई-वडील लवकर गेले, धाकटी बहीण हौसाआत्या हिचं करता करता यांचं राहून गेलं. आत्या आष्ट्याला दिली आहे. दर भाऊबीजेला येते, ओवाळते, आणि दुपारच्या एसटीनं परत जाते. बाहेरच्या सोप्यात बसते, नानांच्या कामाच्या खोलीत पाय टाकत नाही. "कातड्याचा वास सोसत न्हाई बाई मला," म्हणते.

तर आमच्या घरात मशीन आलं त्याची गोष्ट. माझी बायको सुरेखा, माहेर पलूसचं. दहा वर्षं ब्लाउज शिवते. एकदा म्हणाली, "आवो, कापडाला लय जणी हायत्या. मी कातड्याचं शिकते." मी ग्रॅज्युएट असल्यामुळं लगेच मोबाईलवर पंधरा व्हिडिओ बघितले आणि सगळ्यात मोठ्या मोटारीचं मशीन पसंत केलं. नानांना कळलं तसे ते चपला घालूनच घरात आले. "ग्रॅज्वेट, तुला मोबाईलवर बघून मशीन घ्यायचं आसंल तर मग बैल बी फोटूवरनंच घे."

सांगलीच्या दुकानात नाना एक पिशवी घेऊन आले. पिशवीत तुकडे : बकऱ्याचं पातळ, म्हशीचं जाड, दोन्ही एकावर एक चिकटवलेले. टाय लावलेल्या पोरसवदा विक्रेत्यानं मोटर चालू केली.

"मिनिटाला हजारो टाके, काका!"

"भोकं म्हण की. हजारो भोकं. ती बुजवायला कोण यील, तू?"

नानांनी मोटर बंद करायला लावली. चाक हातानं फिरवलं आणि डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसा मशीनला कान लावला. म्हशीच्या चार पदरांत सुई शिरली आणि कण्हली. "आयकलंस? रडतीया. फुडचं दाखीव."

"काका, पातळ लेदरला घरगुती मशीनपण चालतं म्हणतात."

"चालतंय की. शेळी बी नांगराला जुपली तर चालती. सांजपतूर."

तिसऱ्या मशीनपाशी नाना थांबले. त्याचा कातडं दाबून धरणारा वरचा पायही खालच्या दातांबरोबर पुढं सरकत होता. "हां. वरचं बी चालतंय, खालचं बी चालतंय. कातडं घसरायचं न्हाई. आता हिला हळू फिरणारी मोटार बसीव. पोरीला काय शर्यत मारायची न्हाई." मग सुया घेतल्या त्या टोकाला धार असलेल्या, कातडं कापत जाणाऱ्या. दोरा नायलॉनचा. "सुती नको. कातडं कमावलेलं पाणी त्येला आतनं खातं." निघताना त्यांनी विक्रेत्याच्या पायाकडं बघितलं. "टाच उचकाटलीया. ये कवातरी मिरजंला."

आठ दिवस सुरेखानं बिनदोऱ्याची सुई कागदावर चालवली. मग तुकड्यांवर. नाना शेजारी बसून बोलत. "टाका मोठा ठेव. बारीक टाका म्हंजे टपालाचं तिकीट. वढलं की फाटलं." "कडा रापीनं पातळ कर, मग दुमड." "टाचणी लावायची न्हाई. धुण्याचं चिमटं लाव." त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले सगळे चिमटे कातड्याला लागले आणि धुणी वाऱ्यावर गेली.

मग काम आलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका तंबोरे बनवणाऱ्यानं सहा गवसण्या सांगितल्या. तंबोऱ्याला घालायची खोळ ती गवसणी. अंग जाड कापडाचं, भोपळ्याखालचा गोल तळ कातड्याचा. "या सहा नीट झाल्या तर इथून पुढं तुमच्याकडंच," तो म्हणाला. सुरेखानं देवाला नारळ फोडला. मला म्हणाली, "हे बिघडलं तर मी पुन्हा ब्लाउजच शिवीन बघा. हसू करून घ्यायला नको."

कातडं नानांनी स्वतः निवडलं, सहा तळ सुरेखानं बेतले. रविवारी दुपारी तिनं मला हाक मारली. सहाही तळ दुमडून, त्यांना अस्तर लावून, वर सुंदर लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालून ठेवलेला. मशीनवर जागचं हलू नये म्हणून. ब्लाउजला घालतात तसाच. शिवून झालं की ओढून काढायचा.

"वा!" मी म्हणालो. "किती व्यवस्थित!"

मी चर्मकाराचा मुलगा आहे. वडिलांनी वरनं ऐकलं असेल तर कपाळाला हात लावला असेल.

तेवढ्यात नाना आले. दारातच थांबले. त्यांची नजर जमिनीवरच असते, आणि तळ जमिनीवरच मांडलेले होते. नाना तळांवरनं नजर काढेनात, तशी सुरेखा घाबरली. "कच्चाच हाय नाना, ह्यो बघा," म्हणत तिनं एक दोरा ओढला. दोरा सुळकन निघाला. भोकं राहिली. मुंग्यांच्या रांगेसारखी, तळाभोवती गोल. तिनं दुसऱ्याचा ओढला. तिथंही तेच. कापड असतं तर नखानं दोनदा घासून मिटलं असतं.

सुरेखानं कात्री खाली ठेवली. "जमायचं न्हाई मला हे. ते मशीन परत द्या, आवो."

आता नाना फुटणार, म्हणून मी दाराकडं सरकलो. नाना खाली बसले. आपली थैली काढली, हत्यारं एकेक करून बाजूला ठेवली आणि रिकामी थैली सुरेखापुढं धरली.

"हितं बोट फिरीव."

सुरेखानं त्या रिकाम्या भोकांच्या रांगेवरनं बोट फिरवलं.

"कच्चा टाका हुता हितं," नाना म्हणाले. "हौसीनं शिवलीया ही. पंधरा वर्साची असंल. झंपर शिवायची, तुज्यावाणीच. माज्यासाठनं थैली शिवली तिनं, न सांगता. माझं नवं कातडं घिऊन."

"मग?"

"मग काय. ओट्यावर चार माणसं हुती. त्यांच्या देखत बोललो. म्हनलो, आरीला पुन्यांदा हात लावायचा न्हाई." नानांनी जमिनीवरची आरी थोडी बाजूला सरकवली. "लावला न्हाई तिनं."

मला एकदम तो कातड्याचा वास आठवला, जो आत्याला सोसत नाही.

"कातड्याला कच्चा टाका नसतो पोरी. जे पडंल ते पक्कं. पर हे तुला म्या सांगितलंच न्हाई. तिला बी सांगितलं नव्हतं. मला ठावं हाय म्हंजे समद्यास्नी ठावं आसंल, आसं वाटतंय मला."

सुरेखा अशा वेळी फार काळ रडत बसणारी नाही. तिनं नाक पुसलं. "आवं पर नाना, आता ह्येचं काय करायचं?"

"भोक बुजत न्हाई. त्येच्यावर पट्टी मारायची. दोन बोटं रुंद. तळ उलट दणकट हुतोय."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून सहा पट्ट्या कापल्या, कडा पातळ केल्या, चिमटे लावले, शिवल्या. मी चहा केला. माझ्या पदवीचा तेवढाच उपयोग होता. तंबोरेवाल्यानं गवसण्या उलटून बघितल्या आणि म्हणाला, "ही पट्टीची कल्पना झकास आहे. पुढच्या सगळ्यांना अशीच घाला." मी तोंड उघडणार होतो. सुरेखानं माझ्याकडं असं बघितलं, की मिटलं.

पट्ट्या मारल्या त्या रविवारी निघताना नाना हत्यारं थैलीत भरत होते, तेव्हा सुरेखा तिच्या सरळ पलूसच्या बोलीत म्हणाली, "माज्या तळाला पट्टी मारली नाना. थैलीला कवा मारायची?"

नाना उठले. चपला शोधत राहिले. त्या समोरच होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. "ग्रॅज्वेट, आष्ट्याची यष्टी किती वाजता हाय रं?" इतक्या वर्षांत आत्याच यायची, नाना तिच्याकडं गेल्याचं मला आठवत नव्हतं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली थैली होती, एक कातड्याची पट्टी होती आणि त्यांची आरी होती, जिला आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही. खिशातून दोन चिमटे डोकावत होते. ते आमचे होते.

दिवस मावळायला परत आले. माझ्या ओट्यावर बसले, पाणी मागितलं. मी थैली हातात घेतली. भोकांची रांग गेली होती, वर नवी पट्टी होती. टाके हाताचे, पण नानांच्या हाताचे नव्हेत. आणि इतके बारीक, इतके दाट, की नानांच्या हिशेबानं शुद्ध टपालाचं तिकीट. मी वाट बघत राहिलो. आता म्हणतील, मग म्हणतील.

नाना थैलीकडं बघतच नव्हते. समोर कुठंतरी बघत होते, गल्लीच्या वर, जिथं कुणाचेच पाय नव्हते.

"हौसीचं तोंड अगदी आईवाणी झालंय रं," ते म्हणाले. "मला ठावंच नव्हतं."